पाणी जोखून

पुण्याच्या एका पेठेत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर, पितळेचा एक छोटा बॉयलर उघडून ठेवलेला होता. आतून तो पिवळा दिसायला हवा होता. पण सगळीकडे पांढरा, खरबरीत थर होता आणि मधल्या हीटरचे वेढे त्या थरात इतके बुडाले होते की एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कॉफी मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घालून हलकेच टोचलं. थराचा नखाएवढा तुकडा सुटून टेबलावर पडला.

"ताई, कॉफीनं मेलेलं मशीन माझ्याकडे अजून आलेलं नाही," काका म्हणाले. "येतात ती सगळी पाण्यानं मेलेली."

काकांनी उमेदीची वर्षं हॉटेलांतल्या मोठ्या मशीनवर काढली. घरगुती एस्प्रेसो यंत्रं त्यांच्याकडे यायला लागली ती अलीकडे. टेबलावरच्या यंत्राचा मालक शहराच्या पश्चिमेला, बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहतो. त्यानं ग्राइंडर उत्तम घेतला होता, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा घेतला होता, चिकमगळूरच्या बागेतून ताजे भाजलेले दाणे मागवत होता. यंत्राच्या टाकीत मात्र नळाला येईल ते पाणी जात होतं.

अशी यंत्रं पाहत मी फिरले, तेव्हा हे चित्र मला घराघरांत दिसलं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे कॉफीची जाण फार वाढली. कूर्ग, शेवरॉय, अराकू, चिकमगळूर इथल्या बागांची नावं पाकिटावर छापून येतात, दाणे कोणत्या तारखेला भाजले ते लिहिलेलं असतं. जायफळ-वेलदोडा घालून दुधात उकळलेल्या कॉफीवर वाढलेली मराठी घरं (ती कॉफी मला आजही प्रिय आहे) आता ओट्यावर वीस किलोचं इटालियन यंत्र ठेवतात. दाण्यांवर, दळण्यावर, दाबण्यावर तासन् तास बोलणारी माणसं मला भेटली. पाण्यावर आणि सफाईवर बोलणारी थोडी. यंत्रं टिकली होती ती या थोड्यांचीच.

* * *

एस्प्रेसो म्हणजे कडक कॉफी असा समज आपल्याकडे पक्का आहे. खरं तर ती दाबाची कॉफी. बारीक दळलेली कॉफी हँडलमधल्या गोल चाळणीत घट्ट दाबून बसवायची आणि तिच्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाबानं, म्हणजे नऊ बारनं, पार करायचं. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास पेय, २५ ते ३० सेकंदांत. चव बघून हे आकडे थोडे इकडेतिकडे करता येतात, पण सुरुवात इथून करावी.

हे नऊ बार साधायला इटलीला साठेक वर्षं लागली. ट्यूरिनच्या आंजेलो मोरिओन्दोनं १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेरानं १९०१ मध्ये त्यात मोठी सुधारणा केली: गिऱ्हाइकासमोर एकेक कप काढता येईल असं तोंड आणि त्याला अडकवायचं हँडल. बेझेराचं पेटंट देसिदेरिओ पावोनीनं विकत घेतलं आणि १९०५ पासून यंत्रं बनवायला घेतली. पण या सगळ्या यंत्रांत दाब वाफेचाच होता, फार तर दीड-दोन बार. दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवायचं, आणि पाणी आणखी तापलं की कॉफी करपायची. दाब आणि उष्णता एकमेकांना बांधलेली होती.

ही गाठ सोडवली अकिले गाज्जानं. मिलानमध्ये त्याचा कॉफी बार होता. १९३८ मध्ये त्यानं पहिलं पेटंट घेतलं, महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये दांडा आणि स्प्रिंगच्या यंत्राचं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जाते, सोडला की ती दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या पाण्याला. दाब स्प्रिंगचा, उष्णता बॉयलरची, दोन्ही स्वतंत्र. कपात प्रथमच सोनेरी, दाट फेसाचा थर आला. दाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि तेलं इतक्या दाबाखाली पाण्यात मिसळतात, बाहेर येताच वायू सुटतो आणि हा थर बनतो. इटालियन लोक त्याला क्रेमा म्हणतात.

पुढचं पाऊल १९६१ चं. फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेन्तेनं स्प्रिंगच्या जागी पंप बसवला. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून यंत्राचं नाव ई-६१ पडलं. याचं तोंड, म्हणजे ज्यात हँडल अडकवतात तो ग्रुप, चारएक किलो पितळेचा ठोकळा आहे. बॉयलरमधलं गरम पाणी दोन नळ्यांतून सतत त्यात फिरत राहतं. तापलेलं वर जातं, निवलेलं खाली येतं. त्यासाठी वेगळा पंप लागत नाही. एवढं पितळ तापायला अर्धा तास लागतो, पण एकदा तापलं की सहज निवत नाही. कपामागून कप काढला तरी चव ढळत नाही.

हा इतिहास मी लांबवला त्याला कारण आहे. ई-६१ चा ग्रुप आज अनेक इटालियन आणि जर्मन कंपन्या आपापल्या घरगुती यंत्रांवर बसवतात. रचना साठ वर्षांहून जुनी, मापं जवळपास तीच. हँडल जिथं घट्ट बसतं तिथली रबराची गॅस्केट, तिच्यावरची जाळी, ५८ मिलिमीटरची चाळणी हे भाग एका कंपनीचे दुसरीला चालतात. काकांच्या कपाटात गॅस्केटांचं एक पाकीट असतं आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचं काम त्यातून भागतं. १९९१ पासून चालत आलेलं गाज्जा क्लासिक आणि १९९७ मध्ये बाजारात आलेलं रान्चिलिओ सिल्विया ही छोटी यंत्रंही याच वृत्तीची. वरच्या झाकणाचे स्क्रू काढले की सगळं समोर दिसतं: टाकी, पंप, बॉयलर, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, एक विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह. जळलेला थर्मोस्टॅट बदलायला पाना, पकड आणि एक तास पुरतो.

याउलट, उघडायचंच नाही असं ठरवून बनवलेली यंत्रंही दुकानात आहेत. चकचकीत पडदा, एका बोटावर कॉफी, आणि आतले भाग प्लॅस्टिकच्या खाचांत दाबून बसवलेले. अशी दोन यंत्रं काकांच्या माळ्यावर कोपऱ्यात पडून होती. एकाची छोटीशी प्लॅस्टिकची नळी चिरली होती. ती सुटी मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागतो आणि संचाची किंमत निम्म्या यंत्राएवढी. यंत्र घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं आहे की कॉफी चाखून बघण्याआधी झाकण कसं निघतं ते विचारा. गॅस्केट, जाळी, पंप सुटे मिळतात का ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर पुढच्या दुकानात जा.

* * *

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळा मुद्दा तिथं आहे.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये खोल गेलेल्या बोअरला येणारं पाणी म्हणूनच बहुधा जड असतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतलं पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं, बरंच मऊ. पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं, तेही तुलनेनं मऊ. त्याच पुण्यात दहा किलोमीटर दूर, बोअर-टँकरच्या सोसायटीत, तेच यंत्र फार लवकर आजारी पडतं. इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनाही हा अनुभव येतो, कारण लंडनचं पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येतं आणि चांगलंच जड असतं.

जड पाणी तापवलं की बायकार्बोनेटचं विघटन होतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाला, भिंतींना, हीटरला चिकटतं. हा थर उष्णता अडवतो. हीटर आतल्या आत जास्त तापतो, थर्मोस्टॅटला खरं तापमान कळत नाही, कॉफी एकदा आंबट येते नि एकदा कडू. आणि माणूस दाण्यांना दोष देत बसतो. पुढे एखादी खपली सुटते आणि मिलिमीटरभर छिद्रात जाऊन अडकते. त्या दिवशी यंत्र बंद पडतं.

पाणी जड आहे का, हे आपल्या स्वयंपाकघरांना पूर्वीपासून ओळखता येतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी यंत्रात घालू नये. त्याहून नेमकं हवं असेल तर माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात थेंबांचे दोन किट मिळतात, एक कठीणपणा मोजणारा आणि दुसरा बायकार्बोनेट. नळीत पाणी घेऊन रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे आणि मोजायचे. पाच मिलिलिटर पाण्याच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. आरओ बसवणारा माणूस खिशातून जो टीडीएसचा पेन काढतो, तो यासाठी अपुरा आहे. पाण्यात एकूण क्षार किती ते तो सांगतो. त्यात कॅल्शियम किती नि साधं मीठ किती, हे त्याला कळत नाही. यंत्राच्या दृष्टीनं सगळा फरक त्यातच आहे.

मिठातून येतं ते क्लोराइड. कोकणपट्टीत आणि गोव्यात समुद्राजवळच्या विहिरींना, बोअरला ते उतरतं. त्याचा थर बसत नाही, पण ते स्टेनलेस स्टीलला बारीक बारीक छिद्रं पाडतं. बाथरूमसाठी बसवलेला सॉफ्टनर त्यावर चालत नाही, कारण तो कॅल्शियम काढून सोडियम देतो आणि क्लोराइडला हातही लावत नाही. तिथं आरओ हवाच.

मग आरओचं पाणी घातलं की झालं? इथं बरेच सुजाण लोकही चुकतात. खनिजं पार काढून टाकलेलं पाणी धातू हळूहळू खातं आणि कॉफी बेचव, चिरचिरीत आंबट लागते, कारण कॉफीतल्या आम्लाला तोलून धरणारं बायकार्बोनेट त्यात नसतं. आणखी एक अडचण आहे. मोठ्या यंत्रांत वाफेच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला धातूची एक काडी असते. पाणी काडीला टेकलं की त्यातून किंचित वीज वाहते आणि पंप थांबतो. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. बॉयलर भरला तरी काडीला तो रिकामाच वाटतो, आणि पंप पाणी ढकलत राहतो.

यावरचा उपाय मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्याच्याच एका मैत्रिणीकडे. ती रसायनशास्त्र शिकवते. तिच्या स्वयंपाकघरात सिंकखाली दहा लिटरचा एक कॅन असतो, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली. आरओचं पाणी भरायचं आणि त्यात खाण्याच्या प्रतीचं पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ०.१ ग्रॅम, म्हणजे कॅनला एक ग्रॅम, घालून हलवायचं. बस्स.

"अगं, यात कॅल्शियमच नाही, तर थर कशाचा बसणार?" ती म्हणाली. "आणि बायकार्बोनेट आहे, म्हणून धातूलाही आम्लाचा त्रास नाही. काडीला पाणी कळतं. चवीला थोडं सपाट लागतं म्हणतात काही जण. मला नाही लागत."

मी तिच्याकडे एकच कॉफी दोन पाण्यांत करून प्यायले, एकदा या पाण्यात आणि एकदा बाटलीबंद पाण्यात. तिच्या पाण्यातली गोडसर, गोल लागली. बाटलीतल्या पाण्याला थोडा अधिक उठाव होता हे खरं. पण तिनं बॉयलरवरचं झाकण काढून आत टॉर्च मारला तेव्हा माझा कौल ठरला. इतक्या वर्षांनंतरही पितळ पिवळं होतं. एक सावधगिरी मात्र तिनं आवर्जून सांगितली: आरओला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आधी थेंबांच्या किटनं ते पाणी तपासावं, मगच कृतीला लागावं.

थर बसलाच असेल तर तो काढायला सायट्रिक ॲसिड आहे, खमण ढोकळ्यात आणि सरबतात घालतो तेच. लिटरला २० ते ३० ग्रॅमचं द्रावण टाकीत भरायचं, थोडं बॉयलरमध्ये ओढून थांबायचं, पुन्हा थोडं ओढायचं. टाकी संपली की साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या सोडायच्या. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर द्रावण जास्त वेळ ठेवू नये, आम्ल धातूलाच खातं. व्हिनेगर वापरूच नये. वास राहतो आणि रबर खराब होतं. पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे, वर्षानुवर्षं जड पाण्यावर चाललेल्या मोठ्या बॉयलरवर घरी हा प्रयोग करणं धोक्याचं आहे. अर्धवट सुटलेले पापुद्रे नळ्यांत जाऊन बसतात आणि चालतं यंत्र थांबतं. अशा वेळी उघडून साफ करणं हाच मार्ग. दर तीन महिन्यांनी थर काढायची आठवण पाळण्यापेक्षा थर न होणारं पाणी घालणं केव्हाही शहाणपणाचं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

* * *

पाण्यानंतर सफाई. ही रोजची आहे, आणि ती जमते ती सवयीनं.

कॉफीच्या दाण्यात तेल असतं. प्रत्येक कपाबरोबर त्याचा पातळ थर जाळीवर, तिच्यामागच्या चकतीवर, व्हॉल्व्हच्या वाटेत उरतो, तापतो आणि खवट होतो. कप काढून झाल्यावर बहुतेक यंत्रांत एक सुस्कारा ऐकू येतो, तो तीन तोंडांच्या व्हॉल्व्हचा. उरलेला दाब तो खालच्या तबकात सोडतो आणि त्याबरोबर थोडी कॉफीही उलट दिशेनं वर ओढली जाते. म्हणजे पुडीचे कण आणि तेल यंत्राच्या पोटात रोज जातात. ते काढायला हँडलमध्ये छिद्रं नसलेली चाळणी बसवायची, तीत कॉफी यंत्रासाठीची खास पूड अर्धा चमचा टाकायची आणि पंप दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं पाच वेळा करायचं. पाण्याला वाट न मिळाल्यानं ते व्हॉल्व्हमधून मागे येतं, तपकिरी फेस घेऊन. मग पूड न घालता, पाणी स्वच्छ येईपर्यंत तेच पुन्हा. रोज दोन-तीन कप निघणाऱ्या घरात साध्या पाण्यानं रोज आणि पुडीनं पंधरवड्यातून एकदा पुरतं.

त्या पुडीत मुख्यतः सोडियम परकार्बोनेट असतं. ते तेल तोडतं आणि धुऊन निघून जातं. भांडी घासायचा साबण तिथं चालत नाही. वास आणि फेस दोन्ही मागे राहतात. ॲल्युमिनियमचे भाग या पुडीत भिजत घालू नयेत, काळे पडतात. ई-६१ च्या ग्रुपमध्ये दांड्याच्या आत फिरणारा कॅम असतो, त्याचं वंगण या पुडीनं धुऊन निघतं. दांडा करकरायला लागला की खाण्याच्या प्रतीचं सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं. आणि ज्या यंत्रात तो सुस्कारा येतच नाही, त्यात ही पद्धत वापरूच नये. दाबाला बाहेर पडायला वाट नसते, हँडल काढताना उकळतं पाणी अंगावर येतं.

जाळी आठवड्याला काढून धुवावी. गॅस्केट वर्षा-दीड वर्षात उष्णतेनं दगडासारखी होते. हँडल पूर्वीपेक्षा जास्त फिरवावं लागायला लागलं, कडेनं थेंब यायला लागले, की जोर लावू नये, गॅस्केट बदलावी. काही घरांत हँडल दोन हातांनी आवळताना मी पाहिलं. त्यानं ग्रुपचे दात झिजतात आणि ते बदलायचे म्हणजे मोठा खर्च.

दादरच्या एका तिसऱ्या मजल्यावर मला याचं उलट टोक दिसलं. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा ला पावोनीचं दांड्याचं जुनं यंत्र वापरतात. त्यांच्या थोरल्या भावानं ते युरोपातून आणलेलं. त्यात पंप नाही, तीन तोंडांचा व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंगही नाही. दाब देतो तो आजोबांचा हात. मी गेले तेव्हा त्यांनी आधी मला बसवलं, मग यंत्रासमोर उभे राहून सांगितलं, "आता दोन मिनिटं बोलू नका, हाताला कळू दे." दांडा उचलला, थांबले, आणि हळूहळू खाली आणला. कप झाल्यावर ते दाब उतरेपर्यंत थांबले आणि मगच हँडल सोडवलं. दट्ट्याच्या दोन रबरी कड्या ते स्वतः बदलतात. त्यांना मी विचारलं, इतकी वर्षं बिघडलं काय? त्या कड्यांपलीकडे काही नाही. मुंबईचं मऊ पाणी आणि त्यांची शिस्त या दोन्हींनी ते यंत्र जपलं, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी दिलेली कॉफी ही या सगळ्या भटकंतीतली मी प्यायलेली सर्वांत चांगली कॉफी होती.

आजोबा दाणे हातानं फिरवायच्या ग्राइंडरवर दळतात. दळण्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मिक्सरच्या भांड्यात पातं दाण्यांचे तुकडे करतं, काही पीठ तर काही रवा. नऊ बारचं पाणी रव्याच्या बाजूनं वाट काढून निसटतं. दोन चकत्यांमध्ये दाणे चिरडणारा ग्राइंडर लागतोच, आणि पैसे कमी असतील तर यंत्रात कमी घालावेत, ग्राइंडरमध्ये नाही. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या यंत्रात घालू नये. ती पाण्यात चिकट होते आणि चाळणी तुंबते. दाणे भाजल्यावर आठवडाभर मुरू द्यावेत, कारण वायू फार असेल तर पाणी पुडीत नीट शिरत नाही. आपल्याकडच्या दाण्यांबद्दल कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. भारतीय कॉफी विकत घेणाऱ्या देशांत इटली अनेक वर्षं अग्रभागी आहे. आपला रोबस्टा तिकडच्या मिश्रणांत जातो, दाट क्रेमा देतो आणि इटालियन नावाच्या डब्यांतून आपल्याच दुकानांत परत येतो. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेले, फिकट झालेले दाणे आंबटपणा न आवडणाऱ्यांनी एकदा करून पाहावेत.

दुधाचं मात्र आपल्या घरांत वेगळंच आहे. आपण पिशवीतलं दूध आधी उकळतो, साय धरू देतो, आणि मग त्याला वाफ देऊन फेस काढायला बघतो. तो फेस खरबरीत येतो. पाश्चराइज्ड दूध थंड साखळीतून नीट आलं असेल तर न उकळता, फ्रिजमधलं गार दूधच जगमध्ये ओतावं आणि ६० ते ६५ अंशांना थांबावं. जग हातानं धरवेनासा झाला की थांबायचं. तीन टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध फेसाला सोपं. सहा टक्क्यांचं फुल क्रीम चवीला भारी, फेस थोडा जड. दूध झाल्याबरोबर वाफेची नळी ओल्या फडक्यानं पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची, हे विसरता कामा नये. नळी निवताना आत पोकळी होते आणि टोकाला राहिलेलं दूध वर ओढलं जातं. काकांनी एका यंत्राची नळी माझ्यासमोर कापली. आत तपकिरी, कडक झालेलं दूध होतं. त्या घरात रोज लहान मुलांसाठी त्याच नळीनं दूध गरम होत असे.

पावसाळ्यात एक वेगळी तक्रार येते. महिना-दोन महिने बंद ठेवलेलं यंत्र सुरू केलं की घराचा ब्रेकर उडतो. लोक घाबरतात, यंत्र जळालं समजतात. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती हवेतली ओल धरते आणि थोडी वीज जमिनीकडे झिरपते. अशा वेळी ब्रेकर काढून टाकणं किंवा अर्थिंग तोडणं हा जिवाशी खेळ आहे. जाणकाराकडून हीटर तपासून, सुकवून घ्यावा. बहुतेक वेळा तो वाचतो. ही यंत्रं हजार ते दीड हजार वॉट घेतात, तेव्हा तीन पिनांचा सोळा अँपियरचा सॉकेट आणि खरीखुरी अर्थिंग हवी. इन्व्हर्टरवर चालवू नयेत.

* * *

नवं यंत्र परवडत नसेल तर जुनं घ्यावं, असं मी मनापासून सांगते. परदेशातून परतणारी माणसं, बंद झालेले छोटे कॅफे, हौस फिटलेली घरं यांच्याकडून चांगली यंत्रं निम्म्या किमतीत मिळतात. घेताना विकणाऱ्याला आधी विचारायचं ते पाण्याबद्दल: कुठलं घातलं, किती वर्षं. उत्तर "फिल्टरचं" असं मोघम असेल तर पुढे जाऊन बघायचं. हँडलच्या वरची जाळी काढून मागची चकती बघायची; काळी, चिकट असेल तर सफाई झालेली नाही, पण ते धुऊन निघतं. गरम पाण्याची तोटी उघडून पांढऱ्या भांड्यात पाणी घ्यायचं. त्यात पांढरे कण दिसले तर बॉयलरमध्ये थर आहे आणि तो उघडून साफ करायचा खर्च किमतीतून वजा करायला हवा. यंत्र सुस्कारा सोडणारं असेल तर छिद्र नसलेली चाळणी लावून पंप चालवायचा आणि काटा असेल तर नऊ-दहा बार दाखवतो का, ते पाहायचं. दाब चढत नसेल तर बहुधा पंप गेला आहे; घरगुती यंत्रातला विद्युतचुंबकावर थरथरणारा पंप फार महाग नसतो, तेव्हा तेवढ्यासाठी चांगलं यंत्र सोडू नये. मग यंत्र पूर्ण तापलेलं असताना अर्धा तास तसंच ठेवून खाली कागद अंथरायचा. हँडलच्या कडेनं थेंब आले तर गॅस्केट, वाफेच्या नळीतून आले तर तिथला वॉशर; दोन्ही किरकोळ. बॉयलरच्या जोडावरून थेंब येत असतील आणि तिथं हिरवट किंवा पांढरे ओघळ वाळलेले असतील, तर काकांसारख्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.